परवाची दोन कार्डं

आई-बाबा,

तुम्ही दोघं वेगळे होणार आहात का? माझ्या मैत्रिणी मनस्वी आणि ईशा म्हणाल्या, हिंमत असेल तर हे तोंडावर विचारून दाखव. शाळेत मी आता माइकवर बिनधास्त बोलते, पण काल जेवताना तोंडच उघडेना, म्हणून लिहितेय.

तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी दरवर्षी दोन कार्डं करते, जुन्या लग्नपत्रिकांचे नक्षीचे तुकडे चिकटवून आणि कापलेल्या भेंडीचे ठसे मारून. ‘बाबांकडून’ लिहिलेलं आईच्या उशाशी ठेवते आणि ‘आईकडून’ लिहिलेल्याचा फोटो बाबांना बोटीवर पाठवते, कारण तेव्हा ते नेहमी ड्यूटीवर असतात; यंदाच सुट्टीवर घरी आहेत.

काल भांडताना आई म्हणाली, “निदान लेकीला सांगून कार्ड तरी करून घेता, तेवढंच.”

बाबा म्हणाले, “मी कुठे सांगतो? मला वाटलं, तू सांगतेस.”

मग तुम्ही दोघंही गप्प झालात. मी आत यंदाची कार्डं चिकटवत होते. भांडणाची मला सवय आहे, पण त्या गप्प बसण्याची फार भीती वाटली. मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. सहा वर्षं मी आपल्या मनानेच तुमच्या दोघांचं प्रेम लिहीत होते. सॉरी.

तांदळाची पेज झाकून ठेवलीय, दोघांना पुरेल. मी शाळेतून थेट क्लासला जाईन.

आणि मी ठरवलंय, परवाच्या वाढदिवसाची कार्डं मी करणार नाही. कागद, कात्री, डिंक टेबलावर आहे. एकमेकांना काही सांगायचं असेल तर आपापल्या अक्षरात लिहा. काहीच नसेल, तर तेही मला तुम्हीच सांगा.

शर्वी