हासिंता जत्रेला गेलीय

१८ नोव्हेंबर
अखेर फिल्म क्लबवाल्यांना सुबुद्धी झाली. मोलकरणीच्या आयुष्यावरचा तो कृष्णधवल सिनेमा दाखवणार, आणि नंतर माझं भाषण. विषय: ‘करड्या रंगाचं राजकारण’. अख्ख्या मेक्सिको सिटीत हा सिनेमा माझ्याइतका कुणाला कळला असेल असं वाटत नाही. आज पुन्हा पाहिला. नायिकेच्या गच्चीवरच्या खोलीची फुटकी काच म्हणजे फुटलेला समाज. टाळ्या नक्की.
ऐन रंगात आमची कामवाली हासिंता येऊन उभी. म्हणे, प्रोफेसर, माझ्या गच्चीवरच्या खोलीची काच कधी बसवताय? रात्री वारं झोंबतं. म्हटलं, आत्ता बघतो. विचारांची तार तुटली ती तुटलीच.

२१ नोव्हेंबर
हासिंता म्हणाली, गावच्या सांता कातारिनाची जत्रा आहे, जाऊन येते. खुशाल जा म्हटलं. मी काही सिनेमातला मालक नव्हे. इतक्या वर्षांत ती घरचीच झालीय. जाताना ब्लँकेट, टॉर्टियाचा तवा, रेडिओ आणि कोरफडीच्या दोन कुंड्या घेऊन गेली. जत्रेत कुंड्या कशाला? खेड्यातली माणसं भाबडी असतात.

२४ नोव्हेंबर
संकल्प: स्वावलंबन. राजमा शिजत टाकला आणि भाषणाला बसलो. पाणी घालायचं राहिलं. आता स्वयंपाकघरही कृष्णधवल झालंय.
पांढरा शर्ट सापडत नाही. कुठे ठेवते ही बाई?

२६ नोव्हेंबर, सकाळी
घंटा ऐकू आली. कचऱ्याची गाडी! गाऊन, सपाता, दोन्ही हातांत पिशव्या, तसाच धावलो. पाहतो तर आइसक्रीमवाला. म्हणतो कसा, काका, कुठलं देऊ? नाही म्हणायचं सुचेना. लिंबाचं घेतलं. ते खात होतो तोवर खरी गाडी आली आणि गेली.
जत्रा कालच संपली. म्हणजे हासिंता आज येणार. दोघांपुरती कॉफी केली. मग दोन्ही कप मीच प्यायलो.

२८ नोव्हेंबर
भाषण झालं. सुरुवात भारदस्त. फुटक्या काचेच्या मुद्द्यापर्यंत लोक ऐकत होते. मग शेवटच्या दृश्याकडे वळलो. नायिका गाठोडं उचलते, मालकिणीला सांगते, गावच्या जत्रेला जाऊन येते, आणि निघते. मी म्हटलं, हे मुळांकडे जाणं आहे, पण हे जाणं अपूर्ण आहे, कारण ती परत येणारच.
आमची ताई, आम्पारो, पहिल्या रांगेत. फिस्सकन हसली. भर सभेत म्हणाली, अरे येड्या, जत्रेला जाते म्हणजे नोकरी सोडली! तोंडावर कोण सांगतं, तुमचं घर नको म्हणून? सगळं सभागृह हसलं. अध्यक्षसुद्धा.
मी शांतपणे म्हटलं, हा वरवरचा अर्थ झाला. पुढचे मुद्दे मात्र आठवेनात. कुंड्याच डोळ्यांसमोर.
घरी येताना ताई म्हणाली, हासिंताला फोन तरी कर. म्हटलं, जत्रेच्या धामधुमीत कशाला त्रास द्यायचा?

१ डिसेंबर
काच बसवून घेतली. उत्तम बसली. खोलीत जरा वेळ बसून पाहिलं. वारं अजिबात येत नाही. भिंतीवर खिळे तेवढे आहेत.
घर खायला उठतं. हे भाषणात नव्हतं.

५ डिसेंबर
जिन्यात हासिंता भेटली. हातात भाजीची पिशवी. चौथ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे लागलीय म्हणे. नवा एप्रन. तब्येत सुधारलेली दिसली. म्हणाली, कसे आहात प्रोफेसर? जेवता ना वेळेवर?
काच बसवल्याचं सांगणार होतो. ये म्हणणार होतो. तोंडातून निघालं, जत्रा संपली का गं?
तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. अगदी मायेने म्हणाली, नाही हो प्रोफेसर, अजून चालूच आहे.
मी म्हटलं, बरं बरं. मग सावकाश ये.