एकशे सत्तेचाळीस हजर

चौबे कॉलोनी, रायपूर
१२ ऑक्टोबर २००३

प्रिय इरा,

तुझ्या अनुवादाच्या प्रुफांचं पाकीट येऊन आज अकरा दिवस झाले. दोन दिवसांत वाचून पाठवतो म्हणालो होतो आणि तेव्हापासून फोनवर नुसत्या थापा मारतो आहे. डोळे ठीक आहेत, चष्माही ठीक आहे. पाकीट अडवून बसण्याचं कारण वेगळंच आहे, आणि ते फोनवर सांगण्याची माझी छाती होत नाही. हे वाचून बापाबद्दलचं तुझं मत बदलेल, याची मला धास्ती आहे. तरी सांगतो.

आधी घरचं. वरच्या मजल्यावर भोपाळहून आलेले एक साहेब राहायला आलेत. छत्तीसगड वेगळं राज्य होऊन तीन वर्षं होत आली तरी तिकडची मंडळी अजून घरं शोधतच आहेत. आपल्या फाटकाशी दिव्याची गाडी उभी राहते म्हणून तुझी आई भलतीच खूश आहे. साहेबांच्या बायकोशी ती अर्धं हिंदी, अर्धं मराठी असं काहीतरी बोलते आणि दोघींना सगळं कळतं. मला मात्र रोज ऐकवते, “काहून तोंड पाडून बसून राहिले जी? पोरीचं पुस्तक येऊन राहिलं तं पेढे वाटा ना.” तिला अजून काही बोललो नाही. आधी तुला सांगायचं ठरवलं.

छळछावणीतून जिवंत सुटलेल्या बाईच्या आठवणींचं हे पुस्तक मी दोनदा वाचलं. तुझ्या हानाबाई (तू नुसतं हाना लिहितेस, मला त्या वयाच्या बाईला एकेरी म्हणवत नाही) मला इतक्या आवडल्या की सकाळी फिरायला जातानाही डोक्यात त्याच असतात. केस कापले, चपला काढून घेतल्या, नाव काढून घेतलं आणि हातावर आकडा गोंदला, हे सगळं त्या दीड पानात सांगतात आणि पुढे जातात. कुठे गळा काढत नाहीत. एका फळीवर सहा जणी, अंगात उवा, पोटात बटाट्याच्या सालांचं पाणी, आणि सकाळी उठून एकमेकींना विचारायचं, अहो, झोप लागली का. तिथे ‘अगं’ करू का म्हणून तू विचारलं होतंस. मुळीच करू नकोस. जिथे माणसाला ढोरासारखं मोजत होते, तिथे या बायका एकमेकींना मानानं हाक मारत होत्या. हजेरी संपली की आपल्या रांगेतल्या पाच जणींची नावं, गावासकट, त्या पुटपुटत. एखादी गेली तरी तिचं नाव वगळत नसत. असल्या जिद्दीपुढे मी हात जोडतो. आणि तुझ्यापुढेही, कारण हे मूळ परक्या भाषेत आहे हे मी पार विसरलो होतो.

मग आलं एकशे बारावं पान. हजेरी घेणारा कारकून. तो मारत नाही, ओरडत नाही. पेन्सिलीला टोक काढतो, कागदावरचा भुसा फुंकतो आणि आकडे वाचतो. हानाबाई म्हणतात की चौदा महिन्यांत त्याने एकदाही मान वर केली नाही. इथे मी प्रूफ खाली ठेवलं. चुका काढायला घेतलेली लाल पेन्सिल माझ्या हातात होती, आणि तिचं टोक मी नुकतंच काढलं होतं.

हे नीट समजून घे. भनपुरीची आमची रोलिंग मिल म्हणजे छळछावणी नव्हती. संध्याकाळी माणसं घरी जात होती, होळीला गात होती. दोन्ही एका मापाने मोजणं हा हानाबाईंचा अपमान होईल. पण तो कारकून मला ओळखीचा वाटला, आणि तो का ओळखीचा, हे मला माहीत होतं.

मी सत्तावीस वर्षं टाइमकीपर होतो. ठेक्यावरच्या मजुरांना पितळी बिल्ल्यांवरून हाक मारायची पद्धत मीच सुरू केली, हे तुला मी मोठ्या ऐटीत सांगत असे. इकडे मूल ज्या वारी जन्मलं त्या वारावरून नाव ठेवतात. सोमवारचा समारू, मंगळवारचा मंगलू, बुधवारचा बुधारू. माझ्या एका पाळीत अकरा समारू होते. एकाला हाक मारली की अकरा जण धावत, नाहीतर एकही येत नसे. मग मी नावं सोडली आणि आकडे धरले. मालकांनी शाबासकी दिली. तीनशे बारा बिल्ले मला तोंडपाठ होते. तू शाळेत मैत्रिणींना सांगायचीस की आमच्या बाबांना तीनशे माणसं पाठ आहेत. पाठ होते ते बिल्ले, इरा. ठेकेदाराचा माणूस गेला तर त्याचा बिल्ला दुसऱ्या दिवशी नव्या माणसाच्या गळ्यात असे, आणि मला फरक कळत नसे.

शहाऐंशी सालच्या जेठातली, ऐन उन्हाळ्यातली गोष्ट. तू दहा वर्षांची होतीस. फाटकाशी एक बाई आली, पंचविशीची असेल, डोक्यावर पदर. म्हणाली, “मोर गोसइया भीतर हे. ओला बला दे.” माझा नवरा आत आहे, त्याला बोलवा. तीन दिवस तो घरी आला नव्हता. मी नाव विचारलं तर ती गप्प. नवऱ्याचं नाव ती कसं घेणार? तुझी आईसुद्धा माझं नाव उखाण्याशिवाय घेत नाही, तेव्हा ते मला कळायला हवं होतं. शेवटी समोरच्या चहावालीने तिच्या वतीने सांगितलं, समारू. मी हसलो. म्हणालो, बाई, इथे अकरा समारू आहेत, नंबर सांग. तिला अक्षर येत नव्हतं. ती त्याचं वर्णन करू लागली. भुवईवर खूण आहे, चालताना डावा खांदा खाली जातो, काम करताना ददरिया गातो. यातलं एकही मी कधी पाहिलं-ऐकलं नव्हतं. मग ती खाली बसली आणि घरात खिळ्याला लटकणारा बिल्ला आठवून आठवून, धुळीत बोटाने तो आकडा तिने जसाच्या तसा काढला. एकशे सत्तेचाळीस. मी रजिस्टर उघडलं आणि सांगितलं, एकशे सत्तेचाळीस हजर आहे, सुटी झाली की येईल बाहेर.

ती त्या दिवशी सुटीपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशीही आली आणि बसली. मी दोन्ही दिवस तेच सांगितलं, कारण रजिस्टरात तसंच होतं. भट्टीपाशी कुणीतरी भाजलं आहे हे मला आदल्या आठवड्यात कळलं होतं. कोण, हे मी विचारलं नव्हतं. समारूला सरकारी दवाखान्यात टाकून ठेकेदाराने त्याचा बिल्ला दुसऱ्याला दिला होता. तिसऱ्या दिवशी एका मजुराला तिची दया आली आणि त्याने तिला तिकडे पाठवलं. तोवर दुपार झाली होती आणि समारू सकाळीच गेला होता. दोन दिवस तो शुद्धीवर होता. ते दोन दिवस ती त्याच्याजवळ बसू शकली असती. मी तिला फाटकाशी बसवून ठेवलं.

दहावं झाल्यावर ती परत आली. मी घाबरलो, वाटलं आता शिव्याशाप देणार, माणसं गोळा करणार. तसं काही केलं नाही. तिने रजिस्टर मागितलं, त्या दिवसांच्या खुणा मला दाखवायला लावल्या आणि म्हणाली, “ओ दिन ओ इहां नइ रिहिस. एला काट दे. अउ ओखर नाव लिख दे.” तो त्या दिवशी इथे नव्हता, हे खोड, आणि त्याचं नाव लिही. इतकंच मागितलं. मी म्हणालो, रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, आणि नावाचा रकाना नाही. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत उभी होती. मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत राहिलो. मग ती गेली.

सतरा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. गेल्या रविवारी लूना काढली आणि भनपुरीच्या त्या चहावालीला गाठलं. तिने पत्ता दिला. बाईचं नाव बिसाहिन, टेकारी गावात राहते. दुसऱ्यांच्या शेतात राबून, विटा वाहून तिने दोन पोरी वाढवल्या. थोरली आता गावच्याच शाळेत शिकवते. घर लख्ख सारवलेलं. मी काही बोलायच्या आत तिने मला ओळखलं. “बइठ, टेम बाबू,” म्हणाली (टाइमकीपरला सगळे तेच म्हणत) आणि खाट पुढे केली. जे तुला लिहिलं ते सगळं मी तिला सांगितलं. माफी मागितली.  माफ केलं असं ती म्हणाली नाही. पाणी आणून दिलं आणि विचारलं, “तोर नाव का हे?” मी सांगितलं, विनायक. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, लक्षात ठेवायला.  हानाबाईंबद्दल वाचताना मला जे वाटत होतं, तेच तिथे त्या खाटेवर बसून वाटत होतं.

आता पत्राचं खरं कारण. तुझ्या पाकिटात सगळ्यात वर अर्पणपत्रिका होती. ‘माणसाला माणूस म्हणून ओळखायला ज्यांनी शिकवलं, त्या माझ्या बाबांना.’ ती वाचून मी पहिल्या दिवशी आईला हाक मारणार होतो. मग एकशे बारावं पान आलं आणि ते पाकीट पोस्टात टाकायला माझा हात धजेना. बाळा, ही ओळ काढून टाक. तुझ्या प्रेमाने लिहिली आहेस, तरी काढ. तिथे समारूचं नाव घालता येईल का, असं मी बिसाहिनबाईंना विचारलं. पुस्तक कशाचं आहे ते सांगितलं.  त्यांनी पदर सारखा केला आणि नाव सांगायला मुलीला बोलावू लागलेल्या मला थांबवून, नवऱ्याचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ते खाली लिहितो आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर एवढंच छापून घे, आणि त्या एका पानाचं प्रूफ तेवढं मला पुन्हा पाठव.

समारूराम, बुधराम निषाद यांचा मुलगा, राहणार टेकारी.

तू रागावली असशील तरी तुझाच,
बाबा