बिनगव्हाची दिंडं

आई, आज नागपंचमीची दिंडं केली. तुम्ही करायचात तशी नाही, गव्हाचा कणही न घालता केली, आणि तुमच्या नातवाच्या मुलीने तीन खाल्ली. आता सगळे जेवून आडवे झालेत. मी ओट्याशी स्टुलावर बसून वाणसामानाच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. दर वर्षी श्राद्धाला पान वाढलं, तुमच्या आवडीची खीर केली, सगळं रीतीने केलं. पण सून म्हणून दोन शब्द तुमच्याशी मोकळेपणाने बोलावेत, एवढा धीर काही झाला नाही. आज तेवढं करायचं ठरवलं आहे.

तुम्ही गेलात तेव्हा तुमचा नातू बारावीत होता. आता तो ठाण्यात कोलशेतला राहतो, चौदाव्या मजल्यावर, खाली पाहिलं की मला गरगरतं. आम्ही दोघं अजून इथेच, डोंबिवलीत मानपाड्याच्या बाजूला, तुमच्याच जागेत. त्याची मुलगी आठ वर्षांची. पोर सहा वर्षांची होईपर्यंत बरी होती, मग वाढेचना. पोट फुगलेलं, हातापायाच्या काड्या, शाळेतून सारखे फोन, पोट दुखतंय म्हणते, घेऊन जा. मी मीठमोहऱ्या ओवाळून टाकायचे. वर सुनेला म्हणायचे, "डब्यात ते ब्रेड-बिड देऊ नकोस, तूप लावून दोन गरम पोळ्या दे, बघ कसं अंग धरते." इथे आली की मांडीवर बसवून मीच भरवायचे. शेवटी गेल्या दिवाळीनंतर सुनेने तिला ठाण्यातल्या पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला, आणि कळलं की पोरीला गहू बाधतो. गहू, मैदा, रवा, सगळं बंद. जन्मभर बंद, चिमूटभरसुद्धा नाही. याला औषध नाही, पथ्य हेच औषध. ते ऐकायला आम्ही सगळेच गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, "हे रक्तातून येऊ शकतं. घरात आणखी कोणाला होतं का? कायम पोट बिघडणं, रक्त कमी, वजन न धरणं? आजी, पणजी, कोणी? असेल तर त्या बाजूच्या सगळ्यांची तपासणी करून घेऊ." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण घरातलं जुनं मलाच ठाऊक. मी म्हटलं, "नाही हो, आमच्याकडे असं कोणी नव्हतं."

तेव्हा मला तुम्ही खरंच आठवला नव्हतात की मी आठवू दिलं नाही, ते माझं मलाही नीट सांगता येत नाही.

लग्न होऊन आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची. माहेर शहाडचं, मॅट्रिक पास झाल्याचा थोडा ताठा. पहिल्या नागपंचमीला मी सकाळीच विळी घेऊन भाजी चिरायला बसले आणि तुम्ही आतून "अगं अगं अगं" करत धावत आलात. "आज चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. शहाडात नाग नव्हते वाटतं?" मग तुम्ही मला दिंडं शिकवलीत. तुमच्या जुन्नरकडची रीत. कणीक घट्ट मळायची, पुरीहून थोडी मोठी लाटायची, मधोमध पुरण ठेवायचं आणि चारी बाजू आत दुमडून चौकोनी पाकीट करायचं. चाळणीत हळदीचं पान घालून त्यावर वाफवायचं, वरून तूप. माझं पहिलंच दिंड वाफेत उकललं आणि पुरण खालच्या पाण्यात पडलं. तुम्ही झाकण हातात धरून उभ्या. "मॅट्रिक झालीस ना? चौकोन काढायला शिकवला नाही का मास्तरांनी?" मला त्या दिवशी रडू आलं होतं, आता हसू येतं. दुसऱ्या वर्षी माझं एकही उकललं नाही, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं पहिलं दिंड देवापुढे ठेवायला माझ्या हातात दिलंत. तेवढंच तुमचं शाबासकी देणं. पण तुम्ही स्वतः दिंडाचा एक कोपरा मोडून घ्यायचात आणि मग दहीभात. मी विचारलं तर म्हणायचात, "करताना वासानेच पोट भरतं गं." मी मान डोलवायचे.

यंदा सुनेचा महिनाभर आधी फोन आला. "आई, ह्या वर्षी दिंडं नको ना प्लीज. आपण खाणार आणि ती बघत बसणार, मला नाही बघवणार." मी म्हटलं, "तिच्यासाठी तांदळाची करते, त्यात काय एवढं." ती म्हणाली, "मग मी पिठाचं पाकीट आणते, बिनगव्हाचं म्हणून लिहिलेलं असतं त्यावर." मी दुकानात जाऊन त्या पाकिटाची किंमत पाहून आले होते. एवढ्या पैशांत महिन्याचं दळण होतं. मी घरचेच तांदूळ धुतले, सावलीत वाळवले, गिरणीत नेले, उभं राहून दळून आणले. पंधरा दिवस आधी रविवारी ती तिघं आली तेव्हा नमुना म्हणून चार दिंडं केली. दिसायला वेडीवाकडी, पण पोर खूश. दोन खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिला उलट्या, जुलाब, दोन दिवस शाळा बुडाली.

फोनवर सून अगदी हळू आवाजात बोलत होती. तिने ओरडायला हवं होतं.

"आई, पीठ कुठलं होतं?"

"गिरणीतलं. तांदळाचंच गं, माझ्या डोळ्यांसमोर दळलं."

"तुमच्या आधी कोणाचं काय दळलं?"

आई, मी जन्मभर गिरणीवाल्याशी भांडत आलेली बाई. बाजरीवर माझे तांदूळ घालू नकोस, पीठ काळं पडतं, आधी या तांदूळवाल्याचं होऊ दे, मग माझं. पहिल्या दोन मुठी आधीच्याच्या असतात हे मला कोणी शिकवायला नको. आणि त्या दिवशी माझ्या पुढच्या बाईचे गहू होते. गिरणीवाला स्वतः म्हणाला, "काकी, थांबता का, तांदूळवाला येऊ दे एखादा." मीच म्हटलं, "काही होत नाही रे, टाक." पांढरं पीठ पांढऱ्यात गेलं, रंग बिघडणार नव्हता, मग माझ्या लेखी काहीच बिघडणार नव्हतं.

त्या दिवसापासून मी पथ्य शिकायला बसले. सून नवी चाळणी, नवं पोळपाट-लाटणं, मिक्सरचं नवं भांडं घेऊन आली, त्यांना आपल्या घरातलं जुनं काही लागू द्यायचं नाही. माझ्या कपाटातली हिंगाची डबी उचलून तिने मागचं बारीक वाचलं आणि मला दाखवलं. हिंगातही गव्हाचं पीठ! चाळीस वर्षं फोडणीत घालते आहे, कधी डबी उलटी करून पाहिली नव्हती. तांदूळ घरी मिक्सरला लावले. पण तांदळाची उकड चारी बाजूंनी दुमडायला गेलं की कोपऱ्यात चिरते. मोदक जमतो, कारण त्याला बोटांनी कळ्या पाडता येतात. दिंडाला घडी लागते आणि घडीला ताण लागतो, तो गव्हातच. दोनदा केलं, दोनदा चिरलं. यांनी एकदा ताटात बघून विचारलं, "हे दिंड आहे की अपघात?" शेवटी उकडीत दोन मुठी राजगिऱ्याचं पीठ घातलं तेव्हा ती जरा धरू लागली. आणि पोळपाटावर लाटायच्या ऐवजी हळदीच्या पानावरच थापली, पुरण ठेवलं आणि पानासकट दुमडली. पान वाफेपर्यंत तिला धरून ठेवतं. नैवेद्याचं काय करायचं याचा दोन दिवस घोर होता. देवाला रीतीचं गव्हाचं एक तरी करावं असं मन म्हणे. पण एक म्हणजे कणीक आली, कणीक म्हणजे ओटा, हात, चाळणी सगळं आलं. नाही केलं. आज घरात गव्हाचा डबा उघडलाच नाही, देवालाही तेच वाढलं.

सकाळी पोर माझ्यासमोर बसली होती, थापायला मदत म्हणून.

"आज्जी, हे पिवळट काय टाकलंस?"

"राजगिऱ्याचं पीठ."

"म्हणजे उपासाचं?" तिचा चेहरा एकदम फुलला. "मला उपासाचं सगळं चालतं! साबुदाणा, वरी, शिंगाडा, बटाटा. मम्मा म्हणते कोणाचा उपास असला की टेन्शनच नाही. मी रोजच उपास केला तर?"

माझा हात उकडीतच राहिला.

आई, तुमचे उपास. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी, प्रदोष. चातुर्मासात तर विचारायची सोय नाही. आळीतल्या बायका म्हणायच्या केवढी निष्ठा, आणि मी आतून जळायचे, कारण मीही देवाचं करणारी, पण माझे उपास दोन. मला वाटायचं तुम्ही मला खाली बघायला लावता. समोरच्या काकूंना मी म्हटलं होतं, "आमच्या सासूबाईंपुढे देव प्रत्यक्ष जेवायला बसला तरी त्या भगरच मागतील." आज आठवून बघते तर उपासाच्या दिवशी तुम्ही टवटवीत असायचात. देवळात चालत जायचात, येताना फुलं आणायचात, गॅलरीत बसून तांदूळ निवडायचात, यांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायचात. आणि उपास सोडून पोळी खाल्ली की दुसऱ्या दिवशी पोट धरून भिंतीकडे तोंड करून पडायचात. मी म्हणायचे, सोसत नाहीत तर करता कशाला एवढे उपास? तुम्ही "पोळी बाधते" असं एकदाही म्हणाला नाहीत. कशा म्हणणार? गहू बाधतो हे ऐकलं होतं कोणी? आणि म्हणाला असतात तर मी नखरे म्हटलं असतं. तुमचं तुम्हाला आतून कळलं होतं आणि तुम्ही देवाच्या आडोशाने वाट काढलीत. देवाला ते ठाऊक असणार, आणि त्याची काही तक्रार नसणार.

शेवटच्या वर्षी तुम्ही अगदी वाळलात. मी तुम्हाला डॉक्टरकडे नेलं, रक्त कमी म्हणाले, गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली. घरी आल्यावर मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आई, डॉक्टर म्हणतात, आता उपास बंद. या वयात नकोत." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "डॉक्टर म्हणाले?" मी हो म्हटलं. "मग काय," म्हणालात आणि जपाची माळ उचललीत. त्या दिवसापासून दोन्ही वेळा दोन पोळ्या दुधात कुस्करून, वर तूप घालून मी तुम्हाला भरवल्या. तुम्ही तोंड फिरवायचात, मी हनुवटी धरून पुढे आणायचे. नणंदबाई भेटायला आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "वहिनी, पोटच्या मुलीने केलं नसतं एवढं करताय." पुढचा श्रावण तुम्ही पाहिला नाहीत.

आज पोरीने तिसरं दिंड मागितलं तेव्हा मी वाढता वाढता सांगून टाकलं. "हिच्या पणजीलाही हेच होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं, ते चुकलं. होतं." सुनेने हातातला घास खाली ठेवला. "आई, नक्की?" नक्की, म्हटलं, आणि पोटाचं, वजनाचं, उपासाचं सगळं सांगितलं. यांना वर्षानुवर्षं तोंड येतं, रक्त कधी पुरतं नसतं, तेही तिने लगेच जोडलं. परवा यांची आणि मुलाची दोघांचीही तपासणी ठरली. निदान एवढं तरी वेळेवर झालं.

हे म्हणाले, "पण आईला अशक्तपणा उपासांनीच आला होता ना? डॉक्टरांनीच बंद केले होते."

"बिचाऱ्या," सून म्हणाली. "डॉक्टरांना तरी तेव्हा काय कळणार होतं, बाबा! आणि आईंनी केलं की त्यांचं एवढं."

मी ताटं उचलली आणि आत आले.

आई, त्या डॉक्टरांनी उपासाचं काही विचारलंही नव्हतं. तुमच्यासाठी रोज वेगळं रांधायचा मला वीट आला होता, म्हणून ते मी माझ्या मनाचं सांगितलं. आणि तुम्ही तर त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसला होतात.