एक भांडं, एक चमचा

सोमवार, ४ मार्च. सकाळी.
रजेचा पहिला दिवस. शुक्रवारी साहेबांनी स्वतः केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तुमची रजा फार साठलीय, आता जरा घरी आराम करा, आम्ही फोन करू. बसायला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. नवीन कटिंग मशीन येतंय, त्यावर कोणीतरी जाणता माणूस लागणारच. त्याला आधी ताजातवाना करून घ्यायचा, हा त्यामागचा विचार. साहेब बोलले नाहीत, पण मी ओळखलं.

बायकोने विचारलं, आणखी कोणाकोणाला रजा दिली. म्हटलं, तिघांना. सगळे जुने, सगळे अनुभवी. ती "हं" म्हणाली आणि पर्स उचलून कामाला गेली. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. लांबचं बघण्याची सवय तिला नाही.

संकल्प: रिकामं बसायचं नाही. मशीनच्या उद्घाटनाला स्वतःच्या हातचा केक न्यायचा. केकची खोकी तपासण्यात माझी हयात गेली. अर्धा किलोचं, एक किलोचं, खिडकीवालं, बिनखिडकीचं. केकबद्दल मला कोणी शिकवू नये. राहता राहिला आतला माल. तो काय, कोणीही करतं.

बायकोची अट: संध्याकाळी ती घरी येईल तेव्हा ओटा सकाळी होता तसा दिसला पाहिजे. रास्त आहे. लोक पसारा करतात कारण त्यांच्याकडे नियोजन नसतं. माझी पद्धत तयार आहे. एक भांडं, एक चमचा. त्यातच कालवायचं, त्यातच भाजायचं. तिसरी वस्तू नाही.

मंगळवार, ५ मार्च.
पहिला केक. मैदा, साखर, अंडी, तेल, दूध, बेकिंग पावडर. तराजू घरात नाही आणि मला लागतही नाही. पुठ्ठा नुसता हातात घेऊन मी त्याचं वजन सांगतो. मैदा पुठ्ठ्याहून वेगळा निघाला.

केक फुगला. अपेक्षेपेक्षा जास्तच फुगला. भांड्याबाहेर आला, ओव्हनच्या तळाशी उतरला आणि तिथे स्वतंत्रपणे भाजला गेला. म्हणजे एका खर्चात दोन केक. वरचा मधे थोडा ओला. खालचा कडक, पण टिकाऊ.

पसारा: ओट्यावर जवळजवळ नाही. ओव्हनचा आतला भाग मी ओट्यात धरत नाही.

सासरेबुवांना दोन्ही दिले. ते आमच्याकडेच राहतात. दवाखान्यात कंपाउंडर होते, उभ्या आयुष्यात लोकांना कडू औषधं दिली, स्वतः काहीही गिळतात. दोन्ही संपवले. कसा झालाय विचारलं तर म्हणाले, "खाल्ला की."

बायकोने आल्याआल्या विचारलं, निळा टॉवेल कुठंय. म्हटलं, धुवायला टाकलाय. टाकलाय हे खरं आहे.

बुधवार, ६ मार्च.
काही केलं नाही.
सकाळी आंघोळ करून बूट घालून बसलो. सवय. बाबांनी विचारलं, "जावईबापू, कुठे निघालात?" म्हटलं, कुठेच नाही. मग त्यांनीही बूट घातले. दोघे कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.  

शुक्रवार, ८ मार्च.
पद्धतीत सुधारणा. केक कपात करायचा, मायक्रोवेव्हमध्ये. भांडंच नको. कप आणि चमचा. पसारा होणार तरी कसा.

पहिला कप रबरासारखा. दुसऱ्यात दूध वाढवलं, तो खळ झाला. तिसऱ्यात मीठ पडलं, बरण्या सारख्याच आहेत, यात माझा दोष नाही. चौथा बरा होता पण कपातून निघेना. संध्याकाळपर्यंत घरातला एकही कप मोकळा उरला नाही. सगळे भिजत घातले.

बाबांनी चहा दुधाच्या मापातून घेतला. तक्रार केली नाही. बायकोने मात्र सिंककडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत सिंककडे. म्हणाली, साहेबांचा फोन आला का. म्हटलं, इतक्यात कसा येईल, मोठ्या माणसांना घाई नसते.

शनिवार, ९ मार्च. दुपारी.
टेपकाकाचा फोन. खरं नाव मस्टरवर असेल, आम्ही सगळे टेपकाकाच म्हणतो, कारण पॅकिंगला खोक्यांना टेप तो लावतो. म्हणाला, मशीन आलं, सुरूही झालं, एक पोरगी बटण दाबते आणि खोकं आपोआप घडी होऊन बाहेर पडतं. तपासायला वर कॅमेरा आहे. मी म्हटलं, कॅमेऱ्यावर देखरेख करायला माणूस लागेलच. तो म्हणाला, असेल. मग विचारलं, लॉकरमधलं सामान नेलंस का. म्हटलं, न्यायचं कशाला, परत तिथेच यायचंय. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, तब्येतीला जप.

त्याच्या भागात नेटवर्क फार खराब आहे.

सोमवार, ११ मार्च.
बायकोने जेवताना विषय काढला. दुकानात स्टॉक बघायला माणूस हवाय, मालकाला विचारू का, म्हणाली. मी हसलो. ती हसली नाही. मी म्हटलं, उद्या साहेबांनी बोलावलं तर त्यांना काय सांगू, की मी फ्रेमा मोजतोय? ती म्हणाली, बोलावलं तर सांगता येईल ते. "तर" या शब्दावर तिने जोर दिला असं मला वाटलं. बाबा खाली मान घालून जेवत होते.

संकल्प: बायकोच्या बोलण्याने विचलित व्हायचं नाही. तिला कारखान्याची आतली रचना माहीत नाही.

बुधवार, १३ मार्च.
आला फोन. साहेबांचा नाही, अकाउंट्समधल्या मुलीचा. पण साहेबांच्या सांगण्यावरूनच असणार. सोमवारी अकराला या, म्हणाली. ओळखपत्र घेऊन या, ते जमा करायचंय. साहजिक आहे. नवीन पद, नवीन ओळखपत्र. काही सह्याही करायच्या आहेत म्हणाली. मी विचारलं, उद्घाटन आहे का त्या दिवशी. ती म्हणाली, "कशाचं?" खालच्या लोकांना इतक्यात सांगत नसतील.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. चिरायची थांबली. म्हणाली, सह्या कसल्या ते विचारलंत का. म्हटलं, असं विचारणं बरं दिसत नाही. तिने परत चिरायला घेतलं. नंतर म्हणाली, सोमवारी मी येऊ का बरोबर. नको म्हटलं. प्रमोशनला कोणी बायको घेऊन जात नाही.

गुरुवार, १४ मार्च.
पिशवी पद्धत. आजवरची सर्वोत्तम. सगळं सामान एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, तोंड बांधायचं आणि बाहेरून दाबत राहायचं. भांडं नाही, चमचा नाही, काहीच नाही. असं काही कोणाला सुचलं कसं नाही याचं नवल वाटलं.

बराच वेळ दाबत होतो. हाताला बरं वाटत होतं. काही विचार येत नव्हता. त्या नादात तळाकडे लक्ष राहिलं नाही. पिशवी खालून फुटली. आधी पायावर, मग फरशीवर, मग फ्रिजखाली.

मी तसाच उभा राहिलो, रिकामी पिशवी धरून. पुसायला हवं हे कळत होतं. पण पाय उचलावासा वाटेना. किती वेळ ते माहीत नाही. आज दुकान अर्धा दिवसच होतं, हे विसरलो होतो. बायको आली तेव्हा मी तिथेच उभा होतो.

ती ओरडली नाही. याचं मला आश्चर्य वाटलं. तिने चपला काढल्या, पदर खोचला, माझे पाय ओल्या फडक्याने पुसले. एक पाय उचला, म्हणाली. मी उचलला. दुसरा, म्हणाली. मग म्हणाली, बाहेर जाऊन बसा.

तिला पद्धत पटली असावी. थोडी दुरुस्ती हवी.

रविवार, १७ मार्च.
उद्यासाठीचा केक. बायको म्हणाली, आज मी आहे, सांगते तसं करा. मी विरोध केला नाही, सहकार्याची भावना महत्त्वाची. तिने तीन भांडी काढली. अंडी वेगळी फेटली. मैदा चाळला, निम्मा ओट्यावर पडला. मी दाखवून दिलं. ती म्हणाली, "पडू दे हो. नंतर पुसू." पसारा प्रचंड झाला. केक चांगला झाला. एकदम सपाट, सगळीकडून सारखा फुगलेला. एक किलोच्या बिनखिडकीच्या खोक्यात अगदी फिट बसला असता.

खोकं घरात नाही. एकही नाही. मी कधी आणलंच नाही, तसा नियमच होता. शेवटी कुकरमध्ये ठेवला, वर ताट बांधलं.

बायको म्हणाली, उद्या काही कमीजास्त झालं तर सरळ घरी या. कमीजास्त काय व्हायचंय, म्हटलं. ती म्हणाली, काही नाही. पण सरळ घरी या.

सोमवार, १८ मार्च. संध्याकाळी.
अकराच्या आधीच पोचलो. वॉचमन ओळखीचा. तरी म्हणाला, तुम्ही इथेच थांबा, वर विचारतो. रोज सलाम करायचा तो माणूस. फोनवर बोलला आणि स्वतःचं स्टूल मला दिलं. त्या स्टुलावर कुकर मांडीत घेऊन बसलो.

अकाउंट्सची मुलगी खाली आली. हातात फाइल आणि एक कापडी पिशवी. पिशवीत माझ्या लॉकरमधलं सामान. स्लीपर, छत्री, डब्याचा चमचा, कंगवा. तिने ओळखपत्र मागितलं. दिलं. सह्या कुठे करायच्या ते दाखवलं. वॉचमनच्या टेबलावर वाकून केल्या. वाचलं नाही, चष्मा वरच्या खिशात होता. काढला असता तर वाचावं लागलं असतं. ती म्हणाली, सर, सॉरी हं. तिने मला सर म्हणायचं कारण नव्हतं. सव्वीस-सत्तावीसची असेल.

उद्घाटन कधी झालं, मी विचारलं. म्हणाली, दहा-बारा दिवस झाले. केक मागवला होता दुकानातून.

साहेबांची गाडी गेटमधून बाहेर पडली. काच वर होती. त्यांना कुठेतरी घाईने जायचं असेल.

केक परत कुठे न्यायचा. वॉचमनला म्हटलं, घे. त्याने तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणाला, छान झालाय, घरी केला का. म्हटलं, हो. मग शिफ्टचे दोघेतिघे आले, त्यांनीही घेतला. कटिंगची ती बटणवाली पोरगी पण आली. केक चांगला असल्याचं सगळे म्हणाले. 

सरळ घरी आलो.

मंगळवार, १९ मार्च.
उशिरा उठलो. बायको दुकानात गेली होती. बाबा पेपर वाचत बसले होते. मी समोर बसलो आणि सांगितलं, बाबा, माझी नोकरी गेली. एवढं मोठ्याने मी पहिल्यांदाच बोललो. माझा आवाज दुसऱ्याच कोणाचा वाटला.

ते म्हणाले, "पहिल्या दिवशीच कळलं होतं. नाहीतर तो केक कोणी खाल्ला असता का?"

मग पेपरचं आतलं पान मला दिलं. आम्ही दुपारपर्यंत वाचत बसलो. काय वाचलं ते आठवत नाही.

गुरुवार, २१ मार्च.
बायकोला म्हटलं, मालकाला विचार. ती म्हणाली, सोमवारीच विचारलंय. कुठल्या सोमवारी ते मी विचारलं नाही.

सोमवार, २५ मार्च.
दुकानातला पहिला दिवस. काम साधं. चष्म्याच्या डब्या पुसून ओळीत लावायच्या, नवीन माल आला की उतरवून घ्यायचा. मालकाने विचारलं, आधी कुठे होता. म्हटलं, खोक्यांच्या कारखान्यात. तो बरं म्हणाला. आणखी काही विचारलं नाही. मी सांगायला बरंच तयार करून गेलो होतो.

बायकोने सकाळीच सांगून ठेवलं होतं, दुकानात गिऱ्हाइकांसमोर मला मॅडम म्हणायचं. म्हणालो. दोनदा विसरलो, तिने बघितलं. एका गिऱ्हाइकाने फ्रेम लावून मला विचारलं, कशी दिसते. छान दिसते म्हटलं. त्याने दुसरी घेतली.

काउंटर रिकामा ठेवता येत नाही, म्हणून जेवायला आधी मी गेलो, मग ती. दिवसभर उभं राहायचं असतं. हे तिने इतकी वर्षं कधी सांगितलं नव्हतं, की मीच विचारलं नव्हतं, कोण जाणे.

घरी मात्र एकत्र आलो. बाजारातून चालत.  सिग्नलपाशी तिने विचारलं, पाय दुखतात का.

हो म्हणालो.