सहा तासांच्या आत करायचा फोन

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, जळीत विभागातून निवृत्त झालेली परिचारिका, विधवा, मूलबाळ नाही, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही भिडेला बळी न पडता लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल मात्र त्यांनी हात राखून लिहिले आहे. माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी एक घोडचूक केली होती.

१. मरणानंतर माझी कातडी दान करावी, असे मी त्या कागदात लिहून तो पाकिटात बंद केला होता. मृत्युपत्र उघडतात अंत्यविधी उरकल्यावर, आणि कातडी घ्यावी लागते सहा तासांच्या आत. पंचवीस वर्षे त्वचापेढीत बसून हेच लोकांना समजावणाऱ्या बाईने असे करावे, म्हणजे दिव्याखाली अंधार. म्हणून हा कागद मी जिवंत असतानाच थोरल्या जाऊबाईंना वाचून दाखवायचा आहे.

२. राहते घर, दोन खोल्या व गॅलरी, जाऊबाईंना द्यावे. त्याही विधवा असून एकोणीस वर्षे आम्ही एकत्र राहतो. घर त्यांना मिळणार असल्याने त्यांना साक्षीदार होता येत नाही, याचा त्यांना राग आहे. गॅलरीतला नळ जोरात पिळू नये, आटे गेले आहेत.

३. स्कूटर पुतण्याला, म्हणजे जाऊबाईंच्या मुलाला. त्याचा त्वचादानाला विरोध आहे. "काकू, मेल्यावर तरी तो वॉर्ड सोडा," असे तो म्हणाला. त्याला वाटते, मला सोलून काढतील. तसे नसते. पाठ आणि मांड्यांवरून कांद्याच्या पापुद्र्याएवढा थर घेतात आणि पट्टी बांधतात. चेहऱ्याला कोणी हात लावत नाही. ही कातडी भाजलेल्या माणसाच्या अंगावर दोन-तीन आठवडे पाहुणी म्हणून राहते, मग शरीर तिला हाकलून देते. पण तोवर जखम झाकलेली राहते आणि माणूस तगतो. वापरता न येणारे तुकडे प्रयोगशाळेला द्यावेत, तिथे पेशींपासून कातडी वाढवण्याचा खटाटोप चालू आहे. स्कूटर पुतण्याला विरोधासकट मिळेल.

४. बँकेतली शिल्लक जळीत विभागाला, शस्त्रक्रियेच्या खोलीत आणखी एक दिवा बसवण्यासाठी. दुसऱ्या कशाला वापरू नये. कातडी काढायची माझी जुनी सुरी त्वचापेढीतल्या तंत्रज्ञ मुलीला द्यावी. ती चिडकी आहे, पण तिचा हात हलका आहे.

५. आता जे कोणाला देता येत नाही ते. तीस वर्षांपूर्वी उकळत्या पाण्याचे पातेले कलंडून जाऊबाईंचा उजवा हात काखेपासून कोपरापर्यंत भाजला. त्यांच्याच मांडीची कातडी काढून तिथे बसवायचे ठरले. काढलेल्या कातडीची आतली बाजू ओली, चकचकीत असते, बाहेरची फिकी. चकचकीत बाजू जखमेला लागली तरच ती धरते. तिच्या पट्ट्या मलमाच्या कापडी जाळीवर पसरून देणे माझे काम होते. घरचे माणूस टेबलावर असेल तर आपण बाहेर थांबायचे, असा विभागाचा रिवाज. मी हट्टाने आत उभी राहिले. डोळे सारखे भरून येत होते आणि पुसायला हात मोकळे नव्हते. एकूणएक पट्टी मी उलटी पसरली. मोठ्या डॉक्टरांनीही पाहायला हवे होते, पण दोष त्यांच्या गळ्यात बांधत नाही.

पाचव्या दिवशी ड्रेसिंग सोडले तेव्हा पट्ट्या जाळीबरोबर हातात आल्या. मी डॉक्टरांना खरे सांगितले. त्यांनी कागदावर लिहिले की रुग्णाच्या शरीराने कातडी स्वीकारली नाही. मी गप्प बसले. पुन्हा कातडी बसवेपर्यंत दोन महिने गेले. तेवढ्यात काख आखडली, आणि हात खांद्याच्या वर जाईनासा झाला.

"माझंच कातडं मला धार्जिणं नाही," असे जाऊबाई आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्यांची वेणी रोज मी घालते. तो त्यांना माझा चांगुलपणा वाटतो. मला लाज वाटते.

६. मी गेल्यावर त्वचापेढीला फोन करणे आणि संमतीची सही देणे जाऊबाईंच्या हातात आहे. नंबर फ्रिजवर चिकटवला आहे. हे सारे ऐकून त्यांनी फोन केला नाही, तर कोणी त्यांना बोल लावू नये. घर तरीही त्यांचेच.

७. (मजकूर खोडला आहे.)

पुरवणी: वरील मजकूर आज दोन्ही साक्षीदारांदेखत जाऊबाईंना वाचून दाखवला. पाचवा परिच्छेद संपल्यावर त्या उठून गॅलरीत गेल्या. टंकलेखक साक्षीदारांनी दोनदा घड्याळ पाहिले. परत आल्यावर त्या माझ्याकडे न बघता बोलल्या, ते जसेच्या तसे देते.

"फोन मी करीन. तिकडे कोणीतरी उघडी जखम घेऊन पडलेलं असेल, त्याने माझं काय घोडं मारलंय?"

सातव्या परिच्छेदात मी लिहिले होते की त्यांनी मला माफ केले आहे असे समजावे. तो कागद त्यांनी माझ्यासमोर सरकवला.

"हे खोड. मृत्युपत्रात आपल्या मालकीचं तेवढंच लिहायचं असतं."

त्याप्रमाणे खोडले असून खाडाखोडीपुढे सही केली आहे.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार १: दवाखान्याचे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: शेजारचे निवृत्त टंकलेखक (सही)
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ११ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा