वळणावरचा भैरू

४ जानेवारी १९५६
निगडीच्या अलीकडे, मुंबई रस्त्यालगत क्वार्टर मिळाली. दोन खोल्या, अंगण, अंगणात कडुनिंब. झालो एकदाचा रस्त्याचा ओव्हरसियर! सुमन बाळंतपणाला वाईला आहे. मुलगी झाल्याचं कळलं, अजून तोंड पाहिलेलं नाही. महिनाअखेर दोघी येतील. पाळणा बांधायला निंबाची फांदी हेरून ठेवली आहे.

९ जानेवारी
पुढच्या वळणावर, रस्त्याला खेटून, शेंदूर फासलेला दगड आहे. ट्रकवाले तिथे हमखास हळू होतात, हॉर्न देतात, हात जोडतात. मी कुठला देव म्हणून विचारलं. मुकादम दत्तोबा म्हणाला, "साहेब, त्यो देव न्हाई. रुक्मिणीबाईचा ल्योक भैरू हाय. हितंच लॉरीखाली गेला." दगड म्हातारीनेच बसवलाय. रोज येऊन पाणी घालते.

१५ जानेवारी
रस्त्याची कड मोकळी करायची होती. दगड फेकवेना, म्हणून मानाने उचलून माझ्याच निंबाखाली बसवला, नारळही फोडला. रुक्मिणीबाई भांडली नाही. तो तिथं बसून गाड्या थांबवत होता, आता कोण थांबवणार, एवढंच म्हणाली. मला हसू आलं. गाड्या आता वळण सुसाट घेतात आणि हॉर्न देतात माझ्या दारात!

२२ जानेवारी
वळणावर एक सायकलवाला ट्रकखाली गेला. देहूरोडला कामाला होता, ज्योतीराम. मीच उचलला. फार हलका होता. आज निंबाखाली दोन दगड. दुसऱ्याचा शेंदूर ओला. कुणी ठेवला नाही म्हणतात.

२७ जानेवारी
आमच्या रोलरचा मेकॅनिक चांदभाई. वळणावरच. त्याची बायको कमरुन्निसा रडली नाही, रस्त्याकडे बघत राहिली. मला तिच्याकडे बघवेना.
तिसरा दगड. याला शेंदूर नाही, नुसता ओला.
भैरूला परत न्यायला गेलो. एकट्याने आणलेला दगड चौघांना हलेना.

३० जानेवारी, सकाळ
चौथा दगड. त्याच्या कुशीला एवढासा पाचवा.
पण अजून कुणी गेलेलं नाही—
आज दुपारच्या एसटीने सुमन—

दुपार
लाल निशाण घेऊन वळणावर बसलोय, भैरूच्या जागी. गाड्या थांबत नाहीत. रुक्मिणीबाई आली. निशाणाला कुणी मानत न्हाई, म्हणाली. माझ्या कपाळाला शेंदूर लावला. लावू दिला.

पाय जड झालेत. उठता येत नाही—

एसटी. हळू होतेय! हॉर्न दिला. देवा—
खिडकीत सुमन. हात जोडले तिने. मला ओळखलं नाही. पोर शालीत आहे— जरा वारा येऊ दे— तोंड दिस—