आरशातला मासा

आये, आज दाढी करताना तुझा आरसा हातातनं पडला. फुटला नाही, कडेचा पत्रा तेवढा वाकला. पक्कडीनं सरळ करत बसलो तर बाजूच्या खाटेवरचा मल्याळी म्हणाला, नवा घे ना, कँपाच्या दुकानात ढीग पडलेत. मी म्हटलं, असू दे. त्याला काय सांगणार, की माझी आई ह्यात बघून कुंकू लावायची आणि ह्याच आरशात तिनं जन्मात पहिल्यांदा मासा जेवताना बघितला. कोळणीनं! त्याला वाटलं असतं, उन्हानं ह्याचं डोकं फिरलं. इथं आखातात ऊनच तसलं आहे. बाहेर वाळू, त्याच्यापलीकडं समुद्र, पण त्याला वासच नाही. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, माझी अक्षरंसुद्धा माझ्यासारखीच, एका ओळीत टिकून बसत नाहीत. तरी आज सुट्टी आहे, खोली रिकामी आहे, म्हणून लिहितो.

तो अंधेरीचा दवाखाना तुझ्या लक्षात असेल. बाकड्यासमोर काचेची मोठी पेटी, आत हिरवा दिवा आणि लाल-पिवळे मासे. आपला नंबर पुकारला तरी तू उठेनास. "ते बघ, तोंड कसं हलवतंय," म्हणालीस. मी वैतागून म्हटलं, "मासेच आहेत आये. रोज हातात घेतेस की."

"हातात घेतल्यात रं. पोटं फाडल्यात, आत काय काय गिळलंय ते पन बघितलंय. पन खाताना नाय बघितलं कधी. आपल्याकरं म्हावरं येतं ते जेवून झाल्यावर येतं."

बाकड्यावरची माणसं हसली. तू पण हसलीस. मग डॉक्टरांनी तुला तपासलं, तुला बाहेर बसवलं आणि मला आत थांबवलं. पोटातल्या गाठीचं त्यांनी मला सांगितलं. म्हणाले, जे खावंसं वाटेल ते देत जा, खाणं थांबू देऊ नका. बाहेर आलो तेव्हा तू पुन्हा पेटीला नाक लावून उभी. काय म्हणाला, असं तू विचारलं नाहीस. "ह्यांना जेवाया कवा घालतात?" एवढंच त्या नर्सला विचारलंस, आणि ती म्हणाली, सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी.

तुझं खाणं तर थांबतच आलं होतं. भाजलेल्या बोंबलाबरोबर भाकऱ्यांची चवड संपवणारी बाई तू, आता पेजेचे दोन घोट घेऊन वाटी सारायचीस. बाबा बोटीवर गेलेले, घरात मी आणि माझी बहीण, बाय. बाय तुला भरवायला बसली की तू तोंड मिटून भिंतीकडं बघायचीस. मी तेव्हा साकीनाक्याला लेथ मशीनवर होतो. त्याच्या आधी गोरेगावला शूटिंगचे दिवे उचलत होतो, त्याच्या आधी आणखी काहीतरी. "तुझं बूड कुठं टेकत नाय," तू म्हणायचीस. पण त्या पगाराच्या शनिवारी मी कुठं भटकलो नाही. स्टेशनजवळच्या दुकानातनं एक सोनेरी मासा घेतला, प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी, वर रबर. दुकानवाला मागनं ओरडत होता, "थैली पहले पानी पे तैरने दो. एकदम मत डालना, डर जाएगा." मी कुठला थांबतोय. घरी आलो, वाण्याकडनं आणलेली बिस्किटांची काचेची बरणी पिंपातल्या पाण्यानं भरली आणि पिशवी फोडून मासा धबकन आत ओतला. तो सरळ तळाला गेला आणि तिथंच बसला. कल्ले तेवढे हलत होते.

तू खाटेवरनं मान उचललीस. "यो कनचा म्हावरा रं? ना कालवनाचा, ना सुकवायचा."

"खायचा नाही आये. बघायचा."

"बघायचा!" तुला हसू आलं आणि हसण्यानं पोटात कळ आली. ती जिरल्यावर मला ओरडलीस. "नवी सून आली का उंबऱ्यावर थांबवतात, पायावर पानी घालतात, मंग आत घेतात. तू सरळ ढकललास चुलीपाशी. घाई, तुझी मेली घाई!" एवढं बोलल्यावर तुला धाप लागली. किती दिवसांनी तू कुणावर ओरडली होतीस. मला बरं वाटलं होतं, खरं सांगतो.

मग आली शेजारची मावशी. बरणी बघून तिनं कपाळाला हात लावला. "अगो, नळाच्या पान्यात ठेवलाय? मरंल ना! म्हावऱ्याला खारं पानी लागतं." आणि गंमत बघ, आपल्यातल्या एकालाही ते चूक वाटलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर गेलेल्या, मासा गोड्या पाण्यातला असेल हे आपल्या गल्लीत कुणाच्या डोक्यातच येत नाही. मावशी स्वतः किनाऱ्यावर गेली, ओहोटी लागलेली, पार लांबपर्यंत चिखल तुडवत जाऊन कळशी भरून आणली. किती मायेनं आणली होती. तांब्यानं बरणीत ओतली आणि तो बिचारा गरागरा फिरून आडवाच झाला. तू खाटेवरनं ओरडलीस, "काढ, काढ त्याला!" मी सायकल काढून दुकानाकडं सुटलो. दुकानवाल्यानं मला वरनं खालपर्यंत बघितलं. "समंदर का पानी डाला? मछलीवाले हो के?" आजूबाजूची पोरं खिदळली. परत आलो तर बायनं आधीच त्याला पिंपाच्या पाण्याच्या बादलीत घातलेलं आणि तू खाली बसून बादलीच्या कडेला हात धरून त्याच्याशी बोलत होतीस. मला म्हणालीस, "गोड्या पान्याचं म्हावरं आपन पाटीत पन घेत नाय. ते तू पाळायला आनलंस." मावशी दाराशी रडवेली होऊन उभी होती. तिलाही म्हणालीस, "जाऊ दे गो. जगला त्यो."

जगला, पण खाईना. दुकानातलं खाणं पाण्यावर तरंगायचं आणि भिजून खाली बसायचं. तू बायला जवळा भाजायला लावलास, पाट्यावर वाटून लुगड्याच्या पदरानं चाळलास, चिमूटभर टाकलास. नाहीच. सगळी गल्ली बघायला यायची. येईल तो आधी बरणीत वाकायचा, "खाल्लं का?" आणि तसाच तुझ्याकडं वळायचा, "आन तू? तू खाल्लंस का?" तुझा चेहरा तेव्हा कसा व्हायचा ते मी बघायचो. आपलं मांजरसुद्धा दिवसभर खाटेखाली बसून दोघांवर डोळा ठेवून.

एका दुपारी तू सगळ्यांना घालवलंस. बायला पण. म्हणालीस, "मी या घरात आले तवा ताट पुढं ठेवून सगल्या बाया माझं तोंड बघत बसायच्या. मढ गावची पोर कशी खाते बघू. घास उतरायचाच नाय. मंग एक दिस तुझ्या आजीनं ताट वारून पुढं ठेवलं आन माझ्याकरं पाठ करून चूल फुकत बसली. उगाच. चूल पेटलेलीच होती. तवा मी जेवले." मग तू जवळ्याची चिमूट बरणीत टाकलीस, खाटेवर बरणीकडं पाठ करून बसलीस आणि मला म्हणालीस, "तू पन फिर."

बसलो आपण दोघं भिंतीकडं तोंड करून. मी म्हटलं, "आये, असं बसल्यावर तुला दिसणार कसा? त्यासाठीच तर आणलाय." तू उशीखालनं हा आरसा काढलास आणि खांद्याजवळ धरलास. खूप वेळ काहीच नाही. बाहेर कुणीतरी जाळं शिवत गात होतं. मग तू श्वास धरल्यासारखं केलंस. "हालू नको," म्हणालीस. आणि मग अगदी हळू, "खाल्लान. खाल्लान रं." आरसा माझ्याकडं कलता केलास. त्यात तो दिसला, पाण्याच्या वर तोंड काढून जवळा ओढत होता, थुंकत होता, परत घेत होता. तू लहान पोरीसारखी हसत होतीस, आवाज न करता, तो बुजू नये म्हणून. आरसा परत तुझ्याकडं वळवलास आणि वळवताना त्यात तुझा चेहरा आला. आजारी पडल्यापासून बायच तुला कुंकू लावत होती, तू आरशात बघितलंच नव्हतंस. तू बघत राहिलीस. गाल, डोळ्यांखालचं काळं, सगळं. मग आरसा आपल्या दोघांच्या मधे उताणा ठेवलास आणि म्हणालीस, "आन, पेज आन. खाते."

मी धावत वाटी आणली. तू म्हणालीस, "तू पन पाठ कर. त्याला केलीस ना?"

मी केली. मागं चमच्याचा आवाज ऐकत बसलो. वाटीला चमचा लागत होता, थांबत होता, परत लागत होता. तू हाक मारलीस तेव्हा वाटी साफ होती. मी बायला बोलावून दाखवली, मावशीला दाखवली, गल्लीभर सांगितलं, आये जेवली. पुढं रोज तसंच. रोज वाटी रिकामी, आणि तू रोज आणखी हलकी. पावसाच्या तोंडाला तू गेलीस. मासा मागं राहिला, बायनं सांभाळला, खाऊन खाऊन चांगला बोटभर वाढला. मला घरात बसवेना, म्हणून एजंट गाठून इथं आलो. इथं आलो तेव्हा मेसमध्ये मलाही घास उतरत नव्हता. अजूनही ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसतो. पोरं हसतात, हसू देत.

बायला मी आठवड्यातनं एक निळं पत्र टाकतो. ह्याला पत्ता नाही, हे आरशाच्या मागच्या पत्र्यात घडी करून ठेवीन. पण एक लिहायचं राहिलंय. तुझी वाटी पहिल्यांदा साफ झाली त्या संध्याकाळी मांजर रोजच्यासारखं भाकरीला आलं नाही. खाटेखालीच तोंड चाटत बसलं होतं, आणि त्यानंतर ते भाकरीला कधीच आलं नाही. ते मला दिसत होतं, आये. आणि पाठ करून बसायचो तेव्हा हा आरसा रोज माझ्या हाताशी पडलेला असायचा, नुसता उचलला असता तरी कळलं असतं. मी उचलला नाही. तू जेवतेस, एवढंच मला ऐकायचं होतं.